पंपाची सवय नेमकी कोणाला लागते?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ शक्य तेवढे काढलेत, सगळे निघाले नाहीत.)

‘पंपाची सवय लागते.’ ज्याच्या घरात दमा आहे त्याने हे वाक्य शंभर वेळा ऐकलेलं असतं. आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, आणि मुलीचं लग्न जमवायची वेळ आली की पर्समधला पंप कोणाला दिसू देऊ नको असंही सांगितलं जातं. जणू पंप म्हणजे दारूची बाटलीच.

मागच्या भागानंतर एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. हॉस्टेलवर राहते, लहानपणापासून दमा आहे. तिचं म्हणणं असं, की निळा पंप आधी दोन पफमध्ये काम करायचा, आता चार लागतात, कधी सहा. ‘म्हणजे सवय लागलीच ना? म्हणून दुसरा पंप मी बंदच केलाय, निळाही कमी करायचा प्रयत्न करतेय.’

हा मेसेज मी तीनदा ऐकला. त्यात एक गोष्ट बरोबर आहे आणि एक धोकादायक आहे, आणि दोन्ही एकमेकींत इतक्या गुंतल्यात की सोडवायच्या तर थेट पेशीच्या पृष्ठभागावर जावं लागेल. चला, जाऊ.

आपल्या श्वासनलिकांच्या भोवती स्नायूंचं वेटोळं असतं. ते आवळलं की नळी अरुंद होते आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. ते सैल करायचं काम शरीरात ॲड्रेनालिन करतं. पण ॲड्रेनालिन पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरूनच निरोप देतं, आणि तो निरोप घ्यायला पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसवलेलं असतं. त्याचं नाव रिसेप्टर. शाळेच्या पुस्तकात ‘ग्राही’ म्हणतात, मी रिसेप्टरच म्हणणार.

श्वासनलिकेच्या स्नायूंवर जो असतो तो बीटा-टू रिसेप्टर. दिसायला कसा? कापडाला धावदोरा घालताना सुई आत-बाहेर, आत-बाहेर जाते ना, तशी ही प्रथिनाची लांब साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली असते. एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिन येऊन बसलं, की या सात टाक्यांची रचना किंचित हलते, आतल्या बाजूला जी-प्रोटीन नावाचा निरोप्या जागा होतो, पुढे सायक्लिक एएमपी नावाचा रेणू भराभर तयार होतो आणि शेवटी स्नायू सैल पडतो. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल याच खुर्चीत येऊन बसतं, म्हणून काही मिनिटांत आराम पडतो.

इथपर्यंत बारावीच्या पुस्तकात असतं. पण मला नेहमी वाटतं की पुस्तक जिथे थांबतं तिथेच खरी गंमत सुरू होते. बेल वाजली, निरोप पोचला. पण कोणी बेलवरून बोटच उचललं नाही तर?

तुम्ही बाहेरून घरात येता, लसणाच्या फोडणीचा वास येतो. दहा मिनिटांनी तोच वास जाणवत नाही. फोडणी तिथेच आहे, वास तिथेच आहे. यातला काही भाग मेंदूचा असतो, पण काही भाग थेट नाकातल्या पेशींचा. सतत तोच निरोप आला की पेशी तो ऐकणं कमी करते. वासाचे रिसेप्टरसुद्धा याच सात टाक्यांच्या खानदानातले आहेत. पेशीला ‘तेच तेच’ सांगणाऱ्यात रस नसतो, तिला बदल हवा असतो.

हे ‘ऐकणं कमी करणं’ पेशी टप्प्याटप्प्याने करते. पहिला टप्पा काही सेकंदांचा. पेशीच्या आत जीआरके नावाची एन्झाइम फिरत असतात. त्यांची खुबी अशी, की ती सगळ्या रिसेप्टरना हात लावत नाहीत, फक्त ज्याच्या खुर्चीत कोणी बसलेलं आहे त्यालाच शोधतात आणि त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटचे टिळे लावतात. टिळे लागले, की अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन त्या शेपटीला चिकटतं. आता जी-प्रोटीनला उभं राहायला जागाच नाही. बाहेर औषध बसलेलंच आहे, बेल वाजतेच आहे, पण आतली तार सुटलेली.

हे अरेस्टिन सापडलं कसं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफकोविट्झ यांची प्रयोगशाळा. मूळचे हृदयरोगतज्ज्ञ. १९८०च्या दशकात त्यांच्या गटाला ते टिळे लावणारं एन्झाइम सापडलं. आता शास्त्रज्ञ काय करणार? ते शुद्ध करणार. गाळणार, परत गाळणार. पण उलटंच व्हायला लागलं. एन्झाइम जितकं जास्त शुद्ध, तितका त्याचा परिणाम कमी! टिळे लागत होते, पण रिसेप्टर काही गप्प बसत नव्हता.

एखाद्याने कंटाळून प्रयोग सोडला असता. यांनी विचार केला, की गाळताना आपण काहीतरी फेकून देतोय. कचरा समजून टाकलेल्या भागात कुणीतरी दुसरा मदतनीस असणार. तोपर्यंत डोळ्याचा अभ्यास करणाऱ्यांना माहीत होतं, की डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणारं ऱ्होडॉप्सिन बंद करायला एक वेगळं प्रथिन लागतं. ऱ्होडॉप्सिनही सात टाक्यांचंच. मग यांनी डोळ्यातलं ते प्रथिन आणून आपल्या परीक्षानळीत भरपूर टाकलं, आणि बीटा रिसेप्टर गप्प झाला. पुढे १९९० मध्ये त्याच प्रयोगशाळेतून डोळ्याबाहेरचा भाऊबंद सापडल्याचं जाहीर झालं, तो बीटा-अरेस्टिन. लेफकोविट्झ आणि त्यांच्याकडेच आधी काम केलेले ब्रायन कोबिल्का, या दोघांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या रिसेप्टरच्या एकूण अभ्यासासाठी. आणि अरेस्टिन रिसेप्टरला नेमकं कसं बिलगतं याचं चित्र २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं, त्या शोधनिबंधातलं पहिलं नाव अरुण कुमार शुक्ला यांचं. तेव्हा ते लेफकोविट्झ यांच्याकडे होते, नंतर आयआयटी कानपूरला आपली प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे पेशी कान कसे मिटते याचा अभ्यास आज कानपुरातही चालतो.

दुसरा टप्पा मिनिटांचा. अरेस्टिन नुसतं तार सोडून थांबत नाही, ते रिसेप्टरला उचलून आत न्यायची सोय करतं. क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी जमते, आवरणाला तिथे खळगा पडतो, खळगा खोल होत जातो आणि त्याची पिशवी होते. पिशवीचं तोंड आवळून ती तोडायचं काम डायनॅमिनचं. या डायनॅमिनवरून एक आठवलं. फळांवर बसणाऱ्या त्या बारक्या माश्यांमध्ये एक जात अशी सापडली, की खोलीचं तापमान जरा वाढलं की माश्या लकवा मारल्यासारख्या पडतात, आणि गार केलं की उठून उडायला लागतात. त्यांच्यातल्या दोषाला नाव दिलं ‘शिबिरे’. आपल्याला वाटेल उन्हाळी शिबिरे, पण शब्द जपानी आहे, बधिर होण्यावरून आलेला. त्या माश्यांचं डायनॅमिन उष्णतेने बंद पडतं. पिशव्या आवरणापासून तुटतच नाहीत, मग मज्जापेशींचा कारभार ठप्प.

आत गेलेल्या रिसेप्टरचं काय होतं? इथे दोन वाटा फुटतात. निरोप थोडाच वेळ आला असेल, तर टिळे पुसले जातात आणि रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतो, ताजातवाना. बीटा-टू या बाबतीत चपळ आहे. पण औषधाचा मारा तासन्‌तास, दिवसेंदिवस चालू राहिला, तर बरेच रिसेप्टर लायसोसोममध्ये जातात, म्हणजे पेशीच्या भंगारखान्यात, आणि तिथे त्यांचे तुकडे होतात. शिवाय नवे रिसेप्टर बनवायचा हुकूमही कमी निघतो. हा तिसरा टप्पा. आता तार सुटलेली नाही, बेलच भिंतीवरून काढून टाकलीय. ती परत बसायला वेळ लागतो, कारण प्रथिनं नव्याने बनवावी लागतात.

आणि हे उलटंही चालतं. निरोप फारच कमी यायला लागला तर पेशी जास्त कान उगवते. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं बीटा रिसेप्टरच्या खुर्चीत बसून ती अडवून ठेवतात, रक्तदाबासाठी, हृदयासाठी देतात. बरेच दिवस घेतली की पेशी म्हणते, काहीच ऐकू येत नाहीये, आणि रिसेप्टर वाढवते. मग कुणी ती गोळी एका दिवसात बंद केली तर वाढलेल्या कानांवर रोजचंच ॲड्रेनालिन आदळतं. हृदय धडधडतं, ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर ‘हळूहळू कमी करा’ म्हणतात. आपल्यातले काही जण स्टेजची भीती जावी म्हणून मित्राकडून हीच गोळी मागून घेतात, त्यांच्यासाठी अजून एक: दमा असेल तर ही गोळी श्वासनलिकेचे बीटा-टूसुद्धा अडवते आणि झटका येऊ शकतो. त्यावर निळा पंप मारला तरी खुर्ची आधीच भरलेली असते.

आता हॉस्टेलच्या त्या मुलीकडे. दोनाचे चार पफ का झाले?

इथे मला जरा सावध बोलायचंय, कारण इंटरनेटवर याचं फार सोपं उत्तर मिळतं, ‘रिसेप्टर संपले’. एवढं सरळ नाही. श्वासनलिकेच्या स्नायूंवर गरजेपेक्षा खूप जास्त बीटा-टू असतात, राखीव फौज म्हणा. काही कमी झाले तरी स्नायू सैल पडतो, म्हणून निळा पंप पूर्ण निकामी होत नाही. पण त्याच नळीत मास्ट पेशी असतात, धूळ किंवा परागकण आले की हिस्टामिन सोडणाऱ्या. त्यांच्याकडे राखीव फौज कमी. रोज रोज निळा पंप मारला की त्या आधी बहिऱ्या होतात. परिणाम असा, की पंप मारल्यावर आराम तर पडतो, पण धूळ, थंडी, धावणं यांपासून जे संरक्षण मिळायचं ते कमी होतं. मग झटके वाढतात, मग पंप वाढतो.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. दमा हा मुळात नळ्यांच्या सुजेचा आजार. निळा पंप स्नायू सैल करतो, सुजेला हातही लावत नाही. त्याचा असर चार ते सहा तास. सूज खाली वाढत राहते आणि वरून आपल्याला बरं वाटत राहतं. चार पफ लागायला लागले याचा पहिला अर्थ ‘सूज वाढलीय’ असा घ्यायचा. रिसेप्टर थकणं हा त्यात पडलेला भुर्दंड.

हे माणसांच्या जिवाशी किती जोडलेलं आहे ते न्यूझीलंडला कळलं. १९७६ मध्ये तिथे फेनोटेरॉल नावाचा जोरदार पंप आला, बीटा रिसेप्टरवरच काम करणारा. त्यानंतर लगेचच दम्याने मरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, त्यात तरुण बरेच. १९८९ मध्ये संशोधकांनी या औषधाशी संबंध दाखवला, त्याचा वापर आवरला गेला आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. त्यात हृदयावर होणारा परिणाम किती, पंपाच्या भरवशावर दवाखान्यात उशिरा जाणं किती, यावर तज्ज्ञांनी खूप वाद घातले. पण नुसता आराम देणाऱ्या पंपावर दमा सोडून देऊ नये, हे त्यातून डॉक्टर शिकले. आपल्याकडचा आकडाही ऐका. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात.

आता तो दुसरा पंप, जो तिने बंद केला. तपकिरी असेल, नारिंगी असेल, रंग कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा नाव वाचा: ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन. यात स्टेरॉइड असतं. हा मारल्यावर लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून लोकांना वाटतं उपयोग नाही. वर ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकला की घरात सगळे घाबरतात. पण मात्रा बघा. झटक्यात जी स्टेरॉइडची गोळी देतात ती मिलीग्रॅममध्ये, ३०, ४०. पंपातून जातं ते मायक्रोग्रॅममध्ये, साधारण १०० ते ४००, तेही थेट फुफ्फुसात. एका मिलीग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. वापरल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. या गोष्टी खऱ्या आहेत, लपवत नाही.

हे स्टेरॉइड सूज उतरवतं, ते त्याचं मुख्य काम. पण रिसेप्टरच्या बाजूनेही ते एक काम करतं, आणि मला ते फार आवडतं. रिसेप्टरसारखं ते दारावर थांबत नाही, पेशीच्या आत जातं, थेट केंद्रकापर्यंत पोचतं आणि बीटा-टू बनवणाऱ्या जनुकाचं काम वाढवतं. माणसाच्या फुफ्फुसाच्या ऊतीवर हे प्रयोग झालेत, स्टेरॉइड दिल्यावर रिसेप्टर वाढतात. म्हणजे निळा पंप जे कान मिटवतो ते परत उघडायला हा दुसरा पंप मदत करतो. आणि ‘सवय लागेल’ म्हणून आपण कपाटात कुठला टाकला? हाच! ज्या पंपाने पेशी खरोखर बहिरी होते तो उशाशी, आणि ज्याची तशी सवय लागत नाही तो माळ्यावर.

आता ‘सवय’ या शब्दाबद्दल. दारूची, तंबाखूची सवय म्हणजे ओढ, ते न मिळाल्याची तडफड. पंपाने तशी ओढ लागत नाही. चष्मा रोज लावणाऱ्याला आपण चष्म्याचा व्यसनी म्हणतो का? पेशी जे करते ते स्वतःला सावरणं आहे, आणि ते कुठल्या औषधाने किती होतं हे मोजता येतं. काकूंच्या वाक्यात दोन्ही एकाच शब्दात कोंबलंय, तिथेच घोटाळा होतो.

डॉक्टरांचे नियमही बदललेत. ‘जीना’ नावाची दम्यासाठीची जागतिक मार्गदर्शक संस्था आहे, तिने २०१९ मध्ये सांगितलं, की प्रौढांना आणि १२ वर्षांवरच्या मुलांना नुसता निळ्या प्रकारचा पंप देऊन सोडू नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड एकाच पंपात असतात, धाप लागली की तोच ओढायचा, असाही उपचार आता मिळतो. तुम्हाला कुठला योग्य ते डॉक्टर ठरवतील, मी नाही.

आणि हे नीट ऐका, कारण अर्धवट ऐकून कोणी भलतंच करू नये. झटका आला, धाप लागली, तर निळा पंप जवळ असेल तो लगेच घ्यायचा. त्या क्षणी रिसेप्टरचा हिशोब करत बसायचं नाही. आराम पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पंप मारत मारत सरळ हॉस्पिटल. मी बोलतोय ते रोजच्या, महिन्यांच्या वापराबद्दल.

तो वापर मोजायचा सोपा मार्ग आहे. निळ्या पंपाच्या डब्यात साधारण २०० पफ असतात. वर्षाला तीन डबे किंवा त्याहून जास्त लागत असतील, म्हणजे सरासरी रोज दीड पफच्या आसपास, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, असं जीना सांगते. वर्षाला बारा किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक डबा, तर मृत्यूचा धोका वाढतो. नवा डबा उघडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा. मोबाइलमध्ये नोंद केलीत तरी चालेल, पण डब्यावरची तारीख डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवता येते.

त्या मैत्रिणीने काल परत मेसेज केला. गुरुवारी डॉक्टरांकडे जातेय, दोन्ही पंप आणि रिकामे डबेसुद्धा पिशवीत घालून. मी म्हटलं, तिथे त्यांच्यासमोर एकदा पंप ओढूनही दाखव. कारण औषध घशावरच आदळत असेल तर आजची ही सगळी चर्चा ज्या रिसेप्टरबद्दल होती, तिथपर्यंत ते पोचतच नाही. पंप ओढायची पद्धत हा वेगळाच विषय आहे, स्पेसर नावाच्या त्या प्लास्टिकच्या नळकांड्यासकट. तो पुढच्या भागात घेऊ.